साबुदाण्याची खिचडी: अमेरिकेतली चार पिकं उपवासाच्या ताटात कशी आली, आणि खिचडीचा गोळा का होतो

साबुदाण्याच्या खिचडीबद्दल मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. खिचडीतलं जवळपास सगळं परदेशातून आलेलं असेल, तर ती उपवासाला चालते कशी? साबुदाणा सडवून, पायांनी तुडवून करतात, तेव्हा तो उपवासाला खाऊच नये, असे निरोप दर एकादशीच्या आदल्या दिवशी मोबाइलवर फिरतात, त्यात तथ्य किती? आणि शेवटी, जाता जाता विचारलेला पण बहुधा सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न: खिचडी कधी मोकळी, कधी गिच्च गोळा, असं का होतं?

पहिल्याचं थोडक्यात उत्तर: हो, खरं आहे. साबुदाणा ज्या कसाव्यापासून, म्हणजे रताळ्यासारख्या एका कंदापासून करतात तो, शेंगदाणे, मिरची आणि बटाटा ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला, त्याआधी यातलं एकही आपल्याकडे पिकत नव्हतं. ज्ञानेश्वरांच्या काळात एकादशी होती, खिचडी नव्हती. कढईत खरोखर जुने असतात ते तूप, जिरं आणि वरून पिळायचं लिंबू. कोथिंबीरही जुनीच, पण ती उपवासाला चालते की नाही यावर दोन शेजारच्या घरांचंही एकमत होत नाही.

या पाहुण्यांचा प्रवास त्यांच्या नावांतच दिसतो. मिरची हे नाव मिऱ्यावरून पडलं. संस्कृतातलं मरीच म्हणजे काळी मिरी. नवी तिखट शेंग आली तेव्हा तिला जुन्याच तिखटाचं नाव मिळालं. मुंबईकडे पूर्वी तिला गोवाई मिरची म्हणत, म्हणजे गोव्याहून आलेली. पोर्तुगिजांनी गोवा घेतलं 1510 मध्ये, आणि त्यांचा ताफा ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला तो 1500 मध्ये, काब्राल या दर्यावर्दीच्या सफरीत. तीच सफर पुढे कालिकतला आली. ब्राझील आणि मलबार एकाच दर्यावर्दी सत्तेच्या वाटेवर आले, की बियाणं आणि कंद इकडून तिकडे जायला वेळ लागत नाही.

बटाट्याची गंमत वेगळी. ‘बटाटा’ हा पोर्तुगीज ‘बटाटा’च, आणि पोर्तुगीज-स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून. तिथे त्याचा अर्थ होता रताळं! बटाटा हा अँडीज पर्वतातला, रताळं उष्ण प्रदेशातलं. दोघांची कुळंही वेगळी. पण युरोपात दोन्ही कंदांच्या नावांचा घोळ झाला आणि रताळ्याचं नाव बटाट्याला चिकटलं. म्हणजे उपवासाला आपण रताळ्याचा कीस आणि बटाट्याचा कीस वेगवेगळा करतो, पण शब्द बघाल तर दोन्ही एकच.

भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या बाजूचा. तो भारतात एकाच वाटेने आला नसावा, असं त्याची नावंच सांगतात. तमिळमध्ये त्याला मनिला-कोट्टै म्हणतात, म्हणजे फिलिपिन्सच्या मनिलाचं बी. बंगालीत तोच चीनाबादाम. आपण मात्र तो कुठून आला हे न सांगता कसा दिसतो ते सांगितलं: जमिनीखाली लागणारा मूग. हे नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

साबुदाण्याचं नाव मात्र दुसऱ्याच झाडाचं आहे. मलय भाषेत ‘सागू’ म्हणजे एका ताडजातीच्या झाडाच्या खोडातला पिठूळ गाभा. हे झाड न्यू गिनी, मोलुक्का बेटं या भागातलं. खोड चिरायचं, गाभा कुटायचा, पाण्यात धुऊन पीठ खाली बसवायचं. मार्को पोलोने 13व्या शतकात सुमात्रात झाडापासून पीठ काढताना पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. त्या पिठाचे मोत्यांसारखे गोल दाणे करून विकण्याचा धंदा 19व्या शतकात सिंगापूर-मलाक्काकडच्या चिनी कारखानदारांनी वाढवला आणि ते दाणे जहाजांतून भारतात आणि युरोपातही जाऊ लागले. सागू-दाणा, त्याचाच साबुदाणा. तेव्हा तो मुख्यतः आजाऱ्याला द्यायच्या पातळ खिरीचा आणि कांजीचा पदार्थ होता. पुढे मलायातच कसाव्याची लागवड वाढली, आणि तसेच दाणे कसाव्याच्या स्टार्चपासून, म्हणजे कंदातल्या पिठूळ सत्त्वापासून, निघू लागले. झाड बदललं, नाव राहिलं. आज महाराष्ट्रातल्या वाण्याकडे मिळणारा साबुदाणा हा ताडाचा नसतो. तो कसाव्याच्या मुळांचा स्टार्च असतो.

कसावा पोर्तुगिजांमार्फत केरळात आला. तिथे त्याला कप्पा म्हणतात. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ (राज्यकाळ 1880 ते 1885) यांनी त्याच्या लागवडीला मुद्दाम उत्तेजन दिलं, कारण भाताच्या टंचाईत गरिबाला पोटभर काहीतरी हवं होतं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ थांबला, आणि कप्प्याने केरळला तारून नेलं.

त्याच युद्धाने साबुदाणा भारतीय केला. सिंगापूर आणि मलाया 1942 मध्ये पडल्यावर तिकडचा माल बंद झाला. 1943 च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलमचे व्यापारी माणिकम चेट्टियार यांनी कसाव्याचं पीठ काढायला सुरुवात केली. मलायातली दाणे करण्याची पद्धत माहीत असलेले, पेनांगहून आलेले पोपटलाल शहा त्यांना येऊन मिळाले, आणि सेलममध्ये हाताने साबुदाणा तयार होऊ लागला. तिथून तो धंदा असा वाढला की आज देशातल्या साबुदाण्याचं नाव काढलं की सेलमच पुढे येतं. कारखानदारांची सहकारी संस्था ‘सागोसर्व्ह’ 1981 मध्ये निघाली, आणि 2023 मध्ये सेलमच्या साबुदाण्याला, म्हणजे तिकडच्या जव्वरिसीला, भौगोलिक मानांकन मिळालं. यातली खरी मौज ही की तमिळ घरात जव्वरिसी पायसम आणि वडाम, म्हणजे सांडगे-पापड यांत जाते. तिला उपवासाचा मुख्य पदार्थ केलं ते मुख्यतः महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य भारताने.

आता मोबाइलवर फिरणारा तो निरोप. कारखान्यात काय होतं ते क्रमाने पाहा, म्हणजे खरं-खोटं आपोआप वेगळं होईल. कसाव्याचे कंद काढल्यावर एक-दोन दिवसांतच आतून निळे-काळे पडायला लागतात, म्हणून ते ताजेच कारखान्यात आणावे लागतात. साल काढून, धुऊन, पाण्याबरोबर किसतात. चोथा चाळून वेगळा होतो आणि दुधासारखं पाणी उरतं. ते टाक्यांमध्ये काही तास स्थिर ठेवलं की स्टार्च तळाशी घट्ट थरात बसतो आणि वरचं पाणी काढून टाकतात. धुण्याच्या या कामाला आणखी एक कारण आहे: कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, कडू जातींत जास्त, आणि किसणं-धुणं-तापवणं यांतच ती निघून जातात. साधारण 4 ते 5 किलो कंदांतून 1 किलो स्टार्च मिळतो.

हा दमट स्टार्च मोडून भुगा करतात आणि कापडाच्या झोळीत किंवा यंत्रात हिंदकळवतात. दमट कण एकमेकांवर लोळत गोळ्या होतात, तशाच जशा सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा भाजला नाही तर होतात, फक्त इथे त्या हव्या असतात. चाळण्यांनी आकार वेगळे करतात आणि तेलाचा हात फिरवलेल्या तापल्या लोखंडी पत्र्यांवर काही मिनिटं परततात. मग सिमेंटच्या अंगणात उन्हात वाळवतात. ब्राझीलमध्ये आजही दमट कसावा स्टार्च चाळणीतून तापल्या तव्यावर भुरभुरवतात. तो उष्णतेने एकमेकांना धरून पोळी होतो, आणि तिला टॅपिओकाच म्हणतात. सेलमचा पत्रा आणि ब्राझीलचा तवा करतात एकच काम.

म्हणजे ‘सडवतात’ हे कुठून आलं? टाकीतून सोडलेलं पाणी साचलं की आंबतं आणि भयंकर वास मारतं. कारखान्यांच्या आसपासच्या गावांची ती खरी तक्रार आहे. पण ते टाकाऊ पाणी, साबुदाणा नव्हे. प्राण्यांचं काही त्यात कुठल्याच टप्प्यावर येत नाही. काळजी करायचीच तर दोन गोष्टींची करा. एक, दाणा पांढराशुभ्र दिसावा म्हणून रसायनं वापरणाऱ्यांवर तिकडच्या अन्न सुरक्षा खात्याने कारवाया केल्या आहेत. किंचित मळकट, कमी चमकणारा दाणा घ्यायला बिचकू नका. दुसरी, स्वस्त मक्याच्या स्टार्चची भेसळ. कसाव्याचा स्टार्च शिजला की काचेसारखा पारदर्शक होतो, मक्याचा धुरकट राहतो. नीट भिजलेला, पुरेसा शिजलेला दाणाही आत ढगाळच राहत असेल तर पुढच्या वेळी दुकान किंवा ब्रँड बदला. आणि मका उपवासाला चालत नाही, तेव्हा फिरवायचाच असेल तर निरोप हा फिरवा.

हा मका मध्ये आणला तो मुद्दाम, कारण पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्यात आहे. मकासुद्धा अमेरिकेतलाच, आणि तोही त्याच दर्यावर्दी वाटांनी जगभर पसरला. तो उपवासाच्या बाहेर आणि साबुदाणा आत, असं का? कारण उपवासाचा नियम पीक कुठून आलं किंवा किती जुनं आहे हे बघत नाही. नवं पीक जुन्या कुणासारखं दिसतं, त्यावर त्याची पंगत ठरते. मक्याचं ताट आणि कणीस ज्वारी-बाजरीच्या ओळीत बसलं, म्हणून तो धान्यात गेला. बटाटा आणि कसावा जमिनीखालून निघाले, म्हणून कंदमुळांच्या पानावर बसले. मिरची मिऱ्याच्या जागी बसली. हळद, मोहरी, हिंग बाहेर असतानाही ती आत राहिली ती त्यामुळेच.

सगळ्यात धीट शेंगदाणा. वनस्पतिशास्त्राने तो शेंगवर्गीय, मूग-तुरीचा सख्खा भाऊबंद. डाळी उपवासाला वर्ज्य आणि हा स्वतःच्या नावात ‘मूग’ घेऊन फराळाच्या ताटात! त्याला वाचवलं जमिनीखाली लागण्याने आणि तेलकट गराने. स्वयंपाकघरात त्याला कुणी डाळ म्हटलंच नाही. याच्या उलट वरी. ती चक्क तृणधान्य, गवताची बी, आणि इथलीच. पण नांगरटीशिवाय उगवणारी श्यामाक, नीवार यांसारखी धान्यं ऋषिमुनींचं अन्न मानली जात, आणि वरीचे तांदूळ किंवा विदर्भ-मराठवाड्यात म्हणतात ती भगर त्या जुन्या ओळखीवर आत आहे. खिचडी ऐन उपवासात ‘खरी’ नाही वाटत असेल तर ताक घालून केलेली भगर आणि शिंगाड्याचं पीठ हा जुन्या वळणाचा फराळ. चवीला माझं मत खिचडीच्या बाजूने.

राजगिऱ्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण ती कथा फार कुणी सांगत नाही. दाण्यासाठी लावतात त्या राजगिऱ्याच्या जाती मेक्सिको आणि अँडीजकडच्या आहेत. (आपला माठ आणि तांदुळजा त्याच कुळातले.) मेक्सिकोतले अझ्टेक लोक राजगिऱ्याचं पीठ मधासारख्या गोड रसात मळून देवतांच्या मूर्ती करत आणि सणाच्या दिवशी त्या मोडून प्रसादासारख्या वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्याच धर्मातल्या विधीची विटंबना दिसली आणि ती प्रथा त्यांनी दडपली. दाणा मात्र टिकला. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात घालून वड्या विकतात, ‘अलेग्रिया’ म्हणजे आनंद या नावाने. पंढरपूरच्या वाटेवर मिळणारा राजगिऱ्याचा लाडू शेजारी ठेवला तर फरक सांगणं कठीण. तिथेही देवाचा, इथेही देवाचा.

आता कढई. वर सांगितलेल्या कारखान्यातल्या प्रक्रियेतच गोळा होण्याचं कारण आहे. पत्र्यावर परतताना दाण्याचं फक्त बाहेरचं कवच अर्धवट शिजतं, आत कच्चा स्टार्च राहतो. थंड पाण्यात हे कवच पाणी ओढतं आणि हळूहळू आतल्या गाभ्याला देतं. कच्चा स्टार्च साधारण 60 ते 70 अंशांपुढे शिजून फुगतो. तेव्हा दाण्यात आत पुरेसं पाणी हवं आणि बाहेर अजिबात नको, हे साधलं की खिचडी साधली.

एक वाटी मोठा साबुदाणा, सुमारे 150 ग्रॅम, घ्या. तीन पाण्यांनी हलक्या हाताने धुवा. पहिलं पाणी पांढरं येतं तो सुटा स्टार्च, आणि चिकटपणाचं निम्मं काम तोच करतो. पूर्ण निथळून पाऊण वाटी पाणी घाला, झाकून 5 ते 6 तास ठेवा, नाहीतर रात्रभर. दाणे बुडून वर बोटभर पाणी ठेवायची सवय बऱ्याच घरांत आहे. खीर करायची असेल तर ठीक, खिचडीला ती घातक. मध्ये एकदा वरचे दाणे खाली करा. दाणा अंगठा आणि तर्जनीत दाबून बघा. सगळा चपटा व्हायला हवा. मध्ये खडा लागला तर दोन चमचे पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबा. उलट दाणे ओले, एकमेकांना धरलेले असतील तर पंच्यावर पसरून पंख्याखाली 20-25 मिनिटं. कढईत गेल्यावर हे दोन्ही दोष सुधारता येत नाहीत: खडा शिजत नाही कारण आत पाणीच नाही, आणि ओला दाणा चिकटतोच.

कूट अर्धी वाटी, खमंग भाजून साल पाखडून केलेलं आणि भरड. मिक्सर सलग फिरवला तर शेंगदाण्याचं तेल सुटून लगदा होतो आणि त्याचा उपयोग संपतो, झटक्या-झटक्याने फिरवा. कूट, पाऊण चमचा मीठ, एक चमचा साखर हे सगळं साबुदाण्यात आधीच मिसळा, कढईत नव्हे. कोरडे तेलकट कण प्रत्येक दाण्याभोवती बसतात आणि दाण्यांना एकमेकांना शिवू देत नाहीत. कुटाचं काम चवीचं आहे त्याहून जास्त हे आहे. शिवाय साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, ती या कुटातूनच येतात.

जाड बुडाच्या पसरट कढईत दोन मोठे चमचे तूप, एक चमचा जिरं, 3-4 मिरच्यांचे तुकडे. बटाटा मध्यम, एक. उकडलेला असेल तर फोडी करून शेवटी. कच्चा असेल तर पातळ काप आधी झाकून पूर्ण शिजवून घ्या, कारण साबुदाणा घातल्यावर बटाट्यासाठी थांबणं म्हणजे खिचडी मारणं. आता साबुदाणा घाला, आच मध्यमपेक्षा कमी. उलथन्याने तळातून उचलून वर टाका, ढवळू नका. दोन-तीन मिनिटं उघडंच परता, मग झाकण ठेवून एकच वाफ, दीड-दोन मिनिटांची. बहुतेक दाणे काचेसारखे दिसले आणि काहींच्या मध्ये पांढरा ठिपका राहिला की गॅस बंद. तो ठिपका कढईच्या उष्णतेवर जातो. सगळे दाणे पारदर्शक होईपर्यंत थांबलात तर वाढेपर्यंत लगदा. झाकणावरचं वाफेचं पाणी खिचडीत पडू देऊ नका. लिंबू खाली उतरवल्यावर.

नायलॉन साबुदाण्याची खिचडी करू नका. तो वाफवून केलेला असतो, दाणा आधीच शिजलेला आणि काचेसारखा. तळून चिवड्याला उत्तम, भिजवला की चिकट. वड्याला मात्र खिचडीचाच मोठा साबुदाणा तसाच भिजवून चालतो, फक्त तिथे चिकटपणा बटाट्याने द्यायचा असतो. वड्यात ओल जास्त राहिली तर आत कोंडलेली वाफ फुटून तेल अंगावर उडतं, म्हणून वड्याचा साबुदाणा खिचडीपेक्षाही कोरडा हवा आणि मध्ये बोटाने दाबून पातळ करावा.

थंड झालेली खिचडी रबरासारखी होते कारण शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट रचला जातो. ती नुसती तापवली तर आणखी कडक होते. एका वाटीला दोन चमचे दुधाचा हबका, झाकण, मंद आचेवर तीन मिनिटं. मायक्रोवेव्ह असेल तर वर ओला कागदी रुमाल टाकून मिनिटभर.